गॅरंटीताई आणि तीनतोंड्या

नवी वस्तू घ्यायला दुकानात आलेला माणूस आणि तीच वस्तू बिघडली म्हणून परत घेऊन आलेला माणूस, हे दोघं एकच आहेत असं सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. घ्यायला येतो तेव्हा काय त्याचा थाट! बायकोला पुढे घालून टीव्हीच्या भिंतीसमोर उभा राहतो, हसतो काय, मान डोलावतो काय, विकणाऱ्याला ‘भाऊ, भाऊ’ करतो काय. आणि चार दिवसांनी तोच माणूस खोका छातीशी धरून दारात उभा असतो आणि भरल्या दुकानाकडे बघून ओरडतो, "अरे, आहे का कुणी इथं?"

असतात हो, पुष्कळ असतात. पण खोका आत येताना दिसला की विकणाऱ्यांना अचानक कामं आठवतात. एक गोदामाकडे पळतो, दुसरा न वाजलेला फोन कानाला लावतो, आणि एक तर असा नग होता की फ्रिजचं दार उघडून आत डोकं घालून उभा राहायचा. मग वॉशिंग मशीनच्या रांगेमागून, अगदी कोपऱ्यातून एक हात वर यायचा आणि आवाज यायचा, "इकडे या, इकडे. आधी तो खोका खाली ठेवा बघू. हात भरून आले असतील."

ह्या आमच्या गॅरंटीताई.

छातीवरच्या बिल्ल्यावर त्यांचं खरं नाव होतं, पण रागावलेला माणूस बिल्ले वाचत बसत नाही. तो विचारतो, "गॅरंटीचं कुणाकडे?" आणि सगळे जण कोपऱ्याकडे बोट दाखवतात. हे दिवसातून इतक्या वेळा व्हायचं की नाव पडलं ते पडलंच. पुढे ते घरीही पोचलं. सासूबाई रागावल्या की "आल्या का आमच्या गॅरंटीताई?" म्हणायच्या, आणि रागावलेल्या नसल्या तरी म्हणायच्या.

ताई उंचीनं बेताच्या. काउंटरमागे नुसता चष्मा आणि कपाळ दिसायचं, म्हणून फ्रिजच्या पॅकिंगमधल्या फळ्या ठोकून त्यांनी खुर्चीखाली एक छोटा चौथरा करून घेतला होता. "तक्रार ऐकणारा जरा वर बसलेला बरा," त्या म्हणायच्या. "खालून मान वर करून ऐकलं की समोरच्याला आणखी चेव येतो."

सुरुवातीला त्या विकायच्या कामावर होत्या, आणि त्यात त्यांनी दुकानाचं जे काही करून ठेवलं ते विचारू नका. नवं जोडपं भिंतभर टीव्ही घ्यायला आलं की ताई विचारायच्या, "खोली केवढी आहे हो तुमची?" ते सांगायचे. "मग एवढा टीव्ही लावून तुम्ही दोघं बसणार कुठं? जिन्यात?" जोडपं हसत हसत लहान टीव्ही घेऊन जायचं, आणि त्या वेळचा मॅनेजर डोक्याला हात लावून बसायचा. शेवटी त्यानं शिक्षा म्हणून ताईंना तक्रारीच्या काउंटरवर बसवलं. तिथं जो बसेल तो महिनाभरात नोकरी सोडतो अशी त्या कोपऱ्याची ख्याती होती. ताई बसल्या, आणि मासा पाण्यात पडावा तशा तिथं रमल्या. मॅनेजर सोडून गेला, ताई राहिल्या.

त्यांची एक पद्धत होती. बिल आहे का, तारीख काय, असलं काही त्या आधी विचारायच्याच नाहीत. "घरी कुठं ठेवलंय हे? ओट्यावर की टेबलावर? आणि लावता कसं ते दाखवा बरं मला," म्हणायच्या. मग तो माणूस तिथंच, जणू आपल्याच स्वयंपाकघरात, बटणं दाबून दाखवू लागायचा. ताई त्याच्या हातांकडे बघत बसायच्या. चूक त्याची असली, समजा त्यानं रिमोटमध्ये बॅटरी उलटी घातलेली असली, तर ती सुलटी करायच्या आणि बॅटरीलाच रागवायच्या. "मेल्या नाठाळच असतात ह्या." माणूस मान खाली न घालता घरी जायचा.

आणि चूक दुकानाची असली तर मात्र ताई कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. एकदा एक बाई रडकुंडीला येऊन सांगू लागली की नवं वॉशिंग मशीन सुरू केलं की न्हाणीघरभर चालत फिरतं, आणि काल तर दाराशी येऊन उभं राहिलं. सगळं दुकान हसलं. ताई नाही हसल्या. त्यांनी मशीन बसवून देणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. "काय रे, वाटेत ड्रम हलू नये म्हणून मागे बोल्ट लावलेले असतात, ते काढलेस का?" मिस्त्री छताकडे बघू लागला. "छतात नाहीयेत ते. जा, आत्ता जा, आणि येताना त्या बाईंची माफी मागून ये." मिस्त्री मुकाट्यानं गेला.

आता एवढं सगळं सुरळीत चालू असताना वरच्या मंडळींना स्वस्थ बसवेल का? मोठ्या ऑफिसातून एक दिवस एक यंत्र आलं. पुस्तकाएवढं, पायावर उभं, आणि त्यावर तीन तोंडं. हसरं हिरवं, मख्ख पिवळं आणि रुसलेलं लाल. काम कसं झालं ते गिऱ्हाइकानं बटण दाबून सांगायचं. दुकानातल्या लोकांनी त्याचं बारसं तिथल्या तिथं उरकलं. नाव ठेवलं तीनतोंड्या.

सध्याचे मॅनेजर भले गृहस्थ, पण जीव मुठीत धरून जगणारे. पंखा जोरात फिरला तरी "कसं होणार हो?" म्हणायचे. ते ताईंच्या काउंटरपाशी आले आणि कुजबुजले, "ताई, प्रत्येक दुकानाच्या तक्रार काउंटरवर असं एक आलंय. ज्या काउंटरवर लाल जास्त, तो बंद करणार आहेत. तिथल्या तक्रारी फोनवर घेणार."

"आणि तिथल्या माणसाचं काय?"

"फोनच्या खोलीत पाठवणार. शहराच्या पार त्या टोकाला आहे. कानाला यंत्र लावायचं, आणि समोरच्या पडद्यावर लिहिलेलं वाचून दाखवायचं." मॅनेजरांनी तीनतोंड्याकडे पाहिलं. "कसं होणार हो?"

लांबच्या प्रवासाचं ताईंना काही वाटलं नसतं, नवरा बस चालवायचा, त्यानं कुठून तरी पोचवलं असतं. पण फोनवर माणसाचे हात कसे दिसणार? तो म्हणणार, मी बरोबर बटण दाबतोय. कोणतं बटण दाबतोयस बाबा, ते मला इथून काय कळणार? त्यांना आलं ते एवढंच काम, आणि ते हातांकडे बघून करायचं काम. ते गेलं तर आपण कुणीच नाही, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आणि ज्या बाईनं दुसऱ्यांचे राग इतकी वर्षं गिळले, तिला स्वतःची भीती गिळता येईना.

पहिल्या आठवड्यात लालच लाल. त्याचं कारण मात्र साधं होतं. विजेचा पॉइंट रांगेच्या तोंडाशी होता, म्हणून वायरमननं तीनतोंड्याही तिथंच उभा केला. माणूस खोका घेऊन घामाघूम येतो, समोर लाल तोंड दिसतं, तो दाबतो. अजून ताईंचं तोंडही पाहिलेलं नाही! आणि बरोबर आलेल्या पोरासोरांना तर लाल बटणाचा काय सोस, ती दहा-दहा वेळा दाबायची. ताईंनी वायरमनला गाठून वायर लांबवून घेतली आणि तीनतोंड्या काउंटरच्या पलीकडे, काम झाल्यावर माणूस जिथून बाहेर पडतो तिथं हलवला. मॅनेजरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि लाल आणखी वाढलं.

आता याला काय म्हणावं? एक म्हातारी बाई आपला फोन घेऊन आली. अक्षरं बारीक दिसतात, नातवंडांचे निरोप वाचता येत नाहीत. ताईंनी अक्षरं मोठी करून दिली, दोनदा समजावलं, तिच्याच हातानं करून घेतलं. म्हातारीनं ताईंचे दोन्ही हात हातात घेतले. "पोरी, सुखी राहा गं," म्हणाली. मग तीनतोंड्यापाशी गेली, चष्मा सारखा केला आणि अंगठ्यानं चांगलं जोर लावून लाल बटण दाबलं. वर ताईंकडे बघून हसली, आणि झालं बरं का काम, अशी मान हलवून निघून गेली.

ताई बघतच राहिल्या. मग त्या नीट लक्ष ठेवू लागल्या. इस्त्री घेऊन आलेला गृहस्थ, "वा ताई, मानलं तुम्हाला," आणि लाल. इअरफोन घेऊन आलेली तरुणी, "थँक्यू हं ताई," आणि लाल. तोंडावर साखर आणि पाठ वळली की लाल!

त्या संध्याकाळी ताई जेवताना ताटात बोटं फिरवत बसल्या. नवऱ्यानं विचारलं, "काय गं, कुणी ओरडलं का?"

"ओरडले असते तर बरं झालं असतं. गोड बोलतात हो. गोड बोलतात आणि लाल दाबतात. म्हणजे इतकी वर्षं हे लोक मनातल्या मनात मला शिव्याच घालत होते?"

"उतरताना दाबायला माझ्या बसमध्ये असं काही ठेवलेलं नाही ते एक बरंय," नवरा म्हणाला. "नाहीतर मी केव्हाच घरी बसलो असतो."

ताई हसल्या नाहीत. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला, आणि हे त्या घरात सहसा होत नसे. "तू माझ्याशी बोलतेस ना, तसं बोलत जाऊ नकोस तिथं," त्या म्हणाल्या. "जरा गोडीनं घे." हा सल्ला होता की टोमणा, ते त्या घरात कुणालाच कधी कळलं नाही.

पण ताईंनी तो मनावर घेतला. दुसऱ्या दिवशी त्या काउंटरवर बसल्या त्या दात काढूनच. "नमस्कार, आपलं स्वागत आहे, आपली सेवा करायला मला आनंद होतोय." टोस्टर घेऊन आलेला माणूस दोन पावलं मागे सरकला. "ताई, बरं नाही का तुम्हाला?" त्यानं विचारलं. त्याच्या मागच्या बाईनं पर्समधून गोळी काढून दिली. संध्याकाळपर्यंत ताईंचे गाल दुखायला लागले, आणि लाल होतं तेवढंच राहिलं. म्हणजे गोड बोलूनही काही उपयोग नाही. मग आपल्यातच काही तरी खोट असणार, असं ताईंनी मनाशी धरलं. घरी कुणाला बोलल्या नाहीत, पण ड्रॉवरमधल्या आपल्या चिमटे-पेचकसांची पिशवी त्यांनी आवरायला घेतली.

अशातच मोठ्या ऑफिसातल्या मॅडम आल्या. वय कमी, चाल झपाझप, पण नाक वर करून बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. स्वतःच एक स्टूल ओढलं आणि ताईंच्या शेजारी बसल्या. "मी नुसती बघणार आहे," म्हणाल्या. "तुम्ही तुमचं काम करा." लांबून मॅनेजर दोघींकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत असतील ते तुम्हाला माहीतच आहे.

थोडा वेळ गेला आणि दारातून कवायतमास्तर आत आले. हे शाळेतले कवायतीचे मास्तर, आता निवृत्त. निवृत्त झाले ते शाळेतून, कवायतीतून नव्हे. सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांची एक पलटण त्यांनी तयार केली होती, आणि पलटणीतल्या कुणाच्याही घरचं काहीही बिघडलं की ते घेऊन मास्तर ताईंकडे हजर. बहुतेक वेळा पलटणही मागे असायचीच. आज एकाची पाणी तापवायची किटली होती. झाकण लागत नव्हतं. ताईंनी त्याला ते लावून दाखवायला सांगितलं, झाकणाखालचं रबर निसटलेलं होतं ते बसवलं, आणि किटली उकळून दाखवली. पलटणीनं टाळ्या वाजवल्या.

मग मास्तर तीनतोंड्यापाशी उभे राहिले. "रांगेत!" म्हणाले. पलटण रांगेत आली. एकेक म्हातारा पुढे सरकला आणि हसतमुखानं लाल बटण दाबून बाजूला झाला. शेवटी स्वतः मास्तरांनी दाबलं, तेही छाती पुढे काढून.

मॅडम स्टुलावरून उठल्या. "आजोबा, किटलीचं काम झालं ना?"

"झालं की! फर्स्ट क्लास!"

"ताई काही वेडंवाकडं बोलल्या का?"

"कोण म्हणतं? अशी बाई दिवा घेऊन शोधलीत तरी मिळणार नाही."

"मग सगळ्यांनी लाल का दाबलंत?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्यांचा खाली आणलेला आवाज रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानापर्यंत जायचा. "अहो, मुद्दामच! शाळेत कसं असतं? ज्या वर्गात गोंधळ फार, त्या वर्गाला हेडमास्तर जादा मास्तर देतात. जिथं सगळं शांत, तिथं कोण लक्ष देतं? आम्ही हिरवं दाबलं तर वरचे म्हणणार, वा, छान चाललंय, बाई एकटी पुरे. लाल दाबलं की म्हणतील, इथं बोजा भारी आहे, बाईंना जोडीला माणूस द्या! म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. पलटणीला, पलटणीच्या घरच्यांना, माझ्या वहिनीला. तिचा तो फोन नाही का, मोठ्या अक्षरांचा? तिनं तर अंगठ्यानं जोर लावून दाबलं म्हणाली."

ताई चौथऱ्यावर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या काउंटरमागून कधी मोठा आवाज आला नव्हता. तो आज आला.

"मास्तर! अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? लाल जास्त झालं तर हा काउंटर बंद होणार आहे! मला उचलून त्या फोनच्या खोलीत टाकणार आहेत! दिवसच्या दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये, आणि तुम्ही इथं लोकांच्या रांगा लावून माझी नोकरी घालवताय? कुणी सांगितलं होतं तुम्हाला माझं भलं करायला? विचारलं होतंत मला? भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ आणलीत!"

मास्तरांची छाती आत गेली. पलटण जमिनीकडे बघू लागली. मास्तर बोलले ते पहिल्यांदाच हळू आवाजात, खरोखरच्या हळू आवाजात.

"ताई, आम्हाला खरंच माहीत नव्हतं हो. आम्ही रोज कुणी ना कुणी येतो इथं. तुमचा डबा आम्ही बघतो. उघडता, एक घास घेता, कुणीतरी खोका घेऊन येतं, झाकण लावता. परत उघडता, परत झाकण. अहो, आमच्या घरची लेक अशी जेवली असती तर आम्ही तिच्या सासरी जाऊन भांडलो असतो. इथं भांडायचं कुणाशी ते कळेना. म्हणून हे केलं."

ताई खुर्चीत बसल्या. शिव्याच घालतात सगळे, असं वाटत होतं ना? आणि ही माणसं त्यांचे घास मोजत बसली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि परत काढला. डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना, आणि वर हसूही आवरेना.

मॅडम पुढे आल्या. मग ताईंची खुर्ची धरून म्हणाल्या, "उठा. डबा घ्या आणि आतल्या खोलीत बसून जेवून या. तोवर मी बसते इथं."

"अहो मॅडम, तुम्हाला कुठं..."

"उठा हो."

ताई आतल्या काचेच्या खोलीत जाऊन बसल्या. पलटण दाराशी उभी राहिली, त्यांना आत कोंडून घातल्यासारखी. आणि नशीब बघा, मॅडम बसतात न बसतात तोच मिक्सरवाला आला. आडदांड माणूस, मिक्सर असा आपटला की शेजारच्या टीव्हीतला माणूसही दचकला असेल.

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत," मॅडम ऑफिसच्या कागदावरून वाचत म्हणाल्या. "आम्ही आपल्या भावना समजू शकतो."

"माझ्या भावना राहू देत! मिक्सर समजून घ्या!"

काचेमागे ताई अर्धवट उठल्या. "खाली बसा! जेवा!" मास्तर गरजले. ताई बसल्या, पण घास हातातच. मॅडमनी एकदा काचेकडे पाहिलं. मग त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला, बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "बरं. घरी कसा लावता ते दाखवा बघू मला."

माणसानं भांडं बसवलं, झाकण लावलं, बटण फिरवलं. सगळं बरोबर. मिक्सर घुं करून बंद पडला. "परत करा," मॅडम म्हणाल्या. परत तेच. तिसऱ्यांदा मॅडमनी स्वतः लावून पाहिला, आणि तेच. दोष मशीनचाच होता. मॅडमनी गोदामातून नवा मिक्सर मागवला आणि त्याच्यासमोर चालवून दाखवला. आडदांड माणूस एकदम मवाळ झाला. "माझी आई बघा, तिला चावता येत नाही," तो सांगू लागला. "सगळं बारीक करून द्यावं लागतं. तीन दिवस ती नुसत्या दुधावर आहे, म्हणून डोकं फिरलं माझं. बोललो ते मनावर घेऊ नका, ताई." आणि नवा मिक्सर काखेत मारून तो जवळजवळ पळतच सुटला.

"अहो! अहो, बटण!" मॅडम त्याच्या मागे दारापर्यंत धावल्या. तो कधीच रस्ता ओलांडून गेला होता.

मॅडम परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. ताई बाहेर येऊन उभ्या होत्या. डबा रिकामा झाला होता.

"एवढा खूश होऊन गेला, आणि काहीच दाबलं नाही हो त्यानं," मॅडम म्हणाल्या. वर्गात सगळं बरोबर सोडवूनही शून्य मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"खूश माणूस थांबतो कशाला, मॅडम?" ताई म्हणाल्या. "त्याला घरी जायची घाई असते."

दुपारभर मॅडम तिथंच बसल्या, आणि दोघींनी मिळून रांग संपवली. जाताना म्हणाल्या, "मी कबूल काहीच करत नाही, ताई. वरचे लोक रंग मोजतात. पण मी आज काय बघितलं ते मी त्यांना सांगणार."

पुढचे दिवस मात्र कठीण गेले. मास्तरांना चूक निस्तरायची होती, त्यांनी पलटणीला हिरव्याचा हुकूम दिला. दुकान उघडायच्या आधीच म्हातारे शटरपाशी रांगेत उभे. मॅनेजरांनी हिरव्याचा ढीग पाहून कपाळाला हात लावला. "आता तर हे सगळंच खोटं वाटणार! कसं होणार हो?" ताईंनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि हात जोडले. "मास्तर, तुमच्या पाया पडते. हिरवं नको, लाल नको, काही म्हणता काही दाबू नका. नुसते येत जा." मास्तरांनी वचन दिलं. एका पिवळ्याची परवानगी मागून पाहिली, तीही मिळाली नाही.

मग एका भरगर्दीच्या सकाळी मॅनेजरांना फोन आला. ताईंच्या समोर रांग होती, पण त्यांचं सगळं लक्ष मॅनेजरांच्या केबिनकडे. मॅनेजर नुसतं "हो... हो... बरं..." म्हणत होते. फोन ठेवून ते बाहेर आले आणि ताईंच्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले. त्यांना ‘कसं होणार’सुद्धा सुचेना.

"सांगा एकदाचं," ताई म्हणाल्या. "बंद ना?"

"काउंटर राहणार," मॅनेजर म्हणाले. "मॅडमनी वर भांडून घेतलं. म्हणाल्या, हा बंद करायचा असेल तर आधी वरच्या साहेबांनी एक दिवस तिथं बसून दाखवावं." त्यांनी दम घेतला. "आणि ताई, सोमवारपासून एक बाई येतेय तुमच्या जोडीला. जेवायच्या वेळी ती बसेल."

ताई रांगेकडे वळल्या. रांगेत पहिली उभी होती ती बाई केस वाळवायचं यंत्र हातात धरून तावातावानं आली होती. ताईंचे डोळे भरलेले बघून ती आपला राग विसरली आणि काउंटरवर वाकली.

"ताई, काय झालं हो? कसली तक्रार आहे का?"

ताईंनी पदरानं डोळे पुसले.

"नाही हो. आज माझी काहीच तक्रार नाही. तुमची सांगा."